‘लीज’ आणि ‘लायसन्स’ यांत नेमका फरक काय?

प्रश्न विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी आहे. पुण्यात फ्लॅट भाड्याने घेतला, कराराची नोंदणी झाली, करारावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ असं लिहिलंय. कंपनीच्या एचआरने ‘लीज अ‍ॅग्रीमेंटची कॉपी पाठवा’ असं कळवलं. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, ‘दोन्ही एकच, नावं फक्त वेगळी.’ मग लीज आणि लायसन्स या शब्दांत खरंच काही फरक आहे का, आणि असला तर भाड्याने राहणाऱ्याला तो कुठे जाणवतो?

फरक आहे, आणि चांगलाच मोठा आहे. जागांचे दस्त तयार करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले मी सतत पाहतो. एचआरला कॉपी खुशाल पाठवा, त्यांचं काम होईल. पण एजंटचं वाक्य खरं मानून पुढचे निर्णय घेऊ नका.

लीज म्हणजे मालकाने जागेतला एक हक्क ठरावीक काळासाठी तुमच्या नावे करून देणं. लायसन्स म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी. हक्क मालकाकडेच राहतो, तुमचं तिथे असणं तेवढं कायदेशीर ठरतं. दोन्हीत दर महिन्याला पैसे जातात, दोन्हीत किल्ली तुमच्याकडे असते, दोन्हीत दारावर तुमच्या नावाची पाटी लागू शकते. त्यामुळे सगळं सुरळीत चालू असेपर्यंत दोन्ही सारखीच वाटतात. घर विकलं गेलं, करार ज्याच्या नावे आहे तो माणूस वारला, किंवा मुदत संपल्यावरही कोणी निघेना, की मग कळतं आपल्या हातात नेमकं काय होतं.

दोन्ही शब्द मुळात लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आले. लीजच्या मुळाशी ‘सैल सोडणं, हातातून सोडणं’ हा अर्थ आहे, तर लायसन्सच्या मुळाशी ‘मुभा असणं’. शब्दांचं मूळ पाहून कायदा कळतोच असं नाही, पण इथे तो बराचसा कळतो. लीज देणारा काहीतरी सोडून देतो, लायसन्स देणारा फक्त मुभा देतो. ‘लीव्ह अँड लायसन्स’मधल्या ‘लीव्ह’चा तर जवळपास सगळे चुकीचा अर्थ लावतात. पुष्कळांना वाटतं, मुदत संपली की ‘सोडून जा’ असं त्यात सांगितलंय. हा ‘लीव्ह’ म्हणजे जुन्या इंग्रजीतली ‘परवानगी’. रजेच्या अर्जातला ‘लीव्ह’ हा त्याच अर्थाचा, म्हणजे गैरहजर राहण्याची परवानगी, आणि कोर्टातल्या ‘लीव्ह टु अपील’मध्येही तोच आहे. थोडक्यात, ‘लीव्ह अँड लायसन्स’ हे एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून केलेलं नाव आहे. इंग्रजी कायद्याच्या भाषेला अशा जोड्यांची सवयच आहे.

इंग्लंडच्या कोर्टाने लायसन्सचा अर्थ फार पूर्वी, थॉमस विरुद्ध सॉरेल या १६७३ च्या खटल्यात सांगून ठेवला. खटला घराचा नव्हता, दारूविक्रीच्या परवान्याचा होता. न्यायमूर्ती व्हॉन यांच्या म्हणण्याचा आशय असा: परवान्याने कोणत्याही वस्तूतला हक्क एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, परवाना नसता तर जे कृत्य बेकायदा ठरलं असतं ते फक्त कायदेशीर होतं. साडेतीनशे वर्षं झाली तरी ही व्याख्या टिकून आहे. ड्रायव्हिंग लायसन्सने रस्ता तुमचा होत नाही. सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतलं म्हणून तो प्रोग्राम तुमच्या मालकीचा होत नाही. फ्लॅटच्या लायसन्सचं तत्त्वही हेच आहे.

आपल्याकडे हे दोन शब्द एकाच वर्षी, पण दोन वेगळ्या कायद्यांत बसवले गेले. १८८२ चा चौथा अधिनियम म्हणजे मालमत्ता हस्तांतरण कायदा, त्याच्या कलम १०५ मध्ये लीजची व्याख्या आहे. त्याच वर्षीचा पाचवा अधिनियम म्हणजे सुविधाधिकार कायदा, लायसन्स त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. लीज कुठे ठेवलंय हे बघा: विक्री, गहाण आणि बक्षीस यांच्या रांगेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत लीज हे हस्तांतरण आहे. मालमत्ता उपभोगण्याचा हक्क, ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचा, मोबदल्याच्या बदल्यात दुसऱ्याकडे जातो. कलम ५२ मात्र शब्द जपून वापरतं. दुसऱ्याच्या स्थावर मालमत्तेत जे करणं एरवी बेकायदा ठरलं असतं ते करण्याचा अधिकार, आणि तोही मालमत्तेतला हितसंबंध, म्हणजे जागेतला हक्क, ठरत नसेल तरच, लायसन्स. व्याख्येतच ‘हितसंबंध नाही’ असं लिहून ठेवलेलं आहे.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू.

मालकाने घर विकलं. तुमच्याकडे लीज असेल तर नवा मालक जुन्याच्या जागी येतो आणि लीज त्याच्यावर बंधनकारक राहतं. तुम्ही भाडं नव्या मालकाला देऊ लागता, एवढाच बदल. लायसन्स असेल तर सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ म्हणतं की नव्या मालकावर ते लायसन्स बंधनकारक नाही. परवानगी जुन्या मालकाने दिली होती, नव्याने नाही. लायसन्सवर राहणाऱ्या फार थोड्या लोकांना हे माहीत असतं. बावीस महिन्यांचा करार आहे म्हणून ते निर्धास्त असतात आणि आठव्या महिन्यात खरेदीदार घर बघायला येतो. मोबदला देऊन घेतलेलं लायसन्स तुमची काही चूक नसताना मुदतीआधी संपवून तुम्हाला बाहेर काढलं, तर कलम ६४ प्रमाणे परवानगी देणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते. पण भरपाई मागणं वेगळं आणि त्याच घरात राहू शकणं वेगळं.

दुसरा प्रसंग मृत्यूचा. लायसन्स व्यक्तीला दिलेलं असतं, त्या व्यक्तीबरोबर ते संपतं. त्याला वारस नसतो. भाडेकरूचा हक्क मात्र पुढे चालतो. मुंबईतल्या जुन्या चाळींत आजोबांच्या नावची भाडेपावती नातवाच्या नावावर होते ती याच कारणाने. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाला महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा ‘भाडेकरू’च मानतो. पागडीच्या खोल्यांचे सगळे व्यवहार या एका गोष्टीवर उभे आहेत. लायसन्सवर घेतलेल्या फ्लॅटची पागडी कधी कोणी ऐकली आहे का? विकायला हातात हक्कच नाही.

तिसरी गोष्ट, जागा पुढे दुसऱ्याला देणं. लीजमध्ये करारात मनाई नसेल तर मूळ कायद्याप्रमाणे पोटभाडेकरू ठेवता येतो किंवा हक्क दुसऱ्याच्या नावे करता येतो. भाडे नियंत्रण कायद्याने त्यावर वेगळी बंधनं घातली आहेत, ती इथे बाजूला ठेवतो. राहत्या घराचं लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही. कलम ५६ मध्ये करमणुकीच्या जागेच्या परवान्याला, म्हणजे नाटकाच्या तिकिटासारख्या परवान्याला, सूट आहे. नाटकाचं तिकीट मित्राला देता येतं, फ्लॅटचं लायसन्स देता येत नाही.

कागदावर हे दोन दस्त ओळखायचे कसे? इंग्रजी लीज डीडमध्ये क्रियापद बघा. बहुतेक वेळा ‘डिमाइज’ असतं. वर्तमानपत्रात या शब्दाचा अर्थ निधन, पण लीज डीडमध्ये तो ‘मुदतीसाठी हक्क देतो’ या अर्थाने येतो. लायसन्सच्या करारात त्या जागी ‘परवानगी देतो’ अशा अर्थाचं क्रियापद असतं. लीजमध्ये ‘रेंट’, लायसन्समध्ये ‘लायसन्स फी’ किंवा ‘कॉम्पेन्सेशन’. लीजमध्ये ‘लेसर’ आणि ‘लेसी’, लायसन्समध्ये ‘लायसेन्सर’ आणि ‘लायसेन्सी’. शेवटी ‘ऑर’ किंवा ‘अर’ असा आवाज येतो तो देणारा, ‘ई’ येतो तो घेणारा. फॉर्म भरताना लोक नेमके इथेच अडखळतात आणि मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहितात. लायसन्सच्या करारात हमखास आणखी एक कलम असतं: जागेचा कायदेशीर ताबा लायसेन्सरकडेच राहील, लायसेन्सीला भाडेकरूचा कोणताही हक्क मिळणार नाही, आणि वाजवी वेळी जागेची पाहणी करण्याचा अधिकार लायसेन्सरला असेल. पुष्कळ जण हे कलम वाचतही नाहीत. पण सगळ्या कराराचा अर्थ त्या एका कलमात आहे.

मग मालकाने वर ‘लायसन्स’ लिहिलं की ते लायसन्स झालं का? कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय की नाही. हा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ चा असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर हा निकाल आजही प्रत्येक युक्तिवादात येतो. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधल्या खोल्या केशकर्तनाच्या व्यवसायासाठी दिल्या होत्या. दस्तावर लायसन्स लिहिलं होतं आणि भाषाही लायसन्सचीच होती. न्या. सुब्बा राव यांनी सांगितलं की दस्ताच्या बाह्यरूपापेक्षा आशय बघायचा, आणि खरी कसोटी म्हणजे पक्षांचा हेतू: मालमत्तेत हितसंबंध निर्माण करायचा होता की नाही. जागेचा एकट्याकडे पूर्ण ताबा दिला असेल तर प्रथमदर्शनी तो भाडेकरू, मात्र हा हेतू नव्हता असं दाखवणारी परिस्थिती समोर आली तर ते मत बदलू शकतं. या कसोट्या लावल्यावर तो दस्त लीज ठरला.

इंग्लंडमध्ये असाच प्रश्न १९८५ साली स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आठवड्याला ३७ पौंडांवर दोन खोल्या दिल्या होत्या. कागदावर लायसन्स, आणि ‘मला भाडेकरूचं संरक्षण मिळणार नाही हे मी समजून घेतलं आहे’ अशी राहणाऱ्या बाईंची सहीसुद्धा होती. लॉर्ड टेंपलमन यांनी दिलेलं उदाहरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. हाताने खणायचं पाच दात्यांचं अवजार बनवलं की ते दाताळंच. बनवणाऱ्याला इंग्रजी येत नसेल आणि तो ‘मी फावडं बनवलंय’ म्हणत राहिला तरी. पूर्ण ताबा, ठरावीक मुदत आणि भाडं एवढं असल्यावर लॉर्ड्सनी ते लीजच, म्हणजे भाडेपट्टाच ठरवलं. बाईंची सही आड आली नाही.

याच्या उलट निकालही आहेत, आणि तेही समजून घेतले पाहिजेत. मद्रासच्या एका खासगी मंडईतल्या गाळेधारकांचं प्रकरण १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. गाळे त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होते, तरी कोर्टाने त्यांना लायसन्सधारक ठरवलं. मंडईचे दरवाजे ठरलेल्या वेळी बंद व्हायचे, बंद झाल्यावर आत कोणी थांबायचं नाही, साफसफाई मालकाकडे, एकूण नियंत्रण मालकाचं. म्हणजे कोणी किती वर्षं बसलाय एवढं पुरेसं नाही. दरवाजा उघडायचा आणि लावायचा अधिकार कोणाचा, हे कोर्ट बघतं.

इथपर्यंतची तत्त्वं साधारणपणे देशभर चालतात. महाराष्ट्राची गोष्ट वेगळी आहे, आणि ती माहीत नसेल तर आपल्या करारावरचं नाव असं का, हे कळणार नाही.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि भाडेकरूला काढणं अत्यंत अवघड केलं. युद्धानंतरच्या, फाळणीनंतरच्या मुंबईत त्याची गरज होती. पण त्याचा परिणाम असा झाला की एकदा भाडेकरू ठेवला की जागा हातची गेली असं मालक समजू लागले. कायद्याचं संरक्षण ‘भाडेकरू’ला होतं. मग मालकांनी भाडेकरू ठेवणंच सोडलं आणि ‘लायसन्सधारक’ ठेवायला सुरुवात केली. ‘रेंट’ शब्द टाळून पावतीवर ‘कॉम्पेन्सेशन’ लिहायचं, अकरा महिन्यांचा करार करायचा आणि तो परत परत करत राहायचा. हे इतकं पसरलं की १९७३ साली सरकारने कायदा दुरुस्त केला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू कराराने लायसन्सवर किमान एका खोलीत राहत असलेला माणूस कायद्याने भाडेकरू मानला गेला. एका तारखेने हजारो परवानग्या हक्कात बदलल्या. मालकांनी याचा मोठा धसका घेतला. आईवडिलांच्या पिढीतले लोक ‘घर रिकामं राहिलं तरी चालेल, पण भाड्याने नको’ असं म्हणायचे, त्यामागे हा इतिहास आहे.

त्यानंतरचं वळण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दिलं. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ ने राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सला स्वतंत्र, जलद वाट करून दिली. मुदत संपल्यावर लायसन्सधारकाने जागा सोडली नाही तर मालक दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारने यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करतो. लायसन्सधारकाला आपली बाजू मांडण्याआधी तशी परवानगी मागावी लागते, म्हणजे पुन्हा ‘लीव्ह’च. मुदतीनंतर जितका काळ तो राहिला त्याचे पैसे लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरावे लागतात. आणि सर्वांत जोरदार तरतूद ही, की लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो.

वरच्या निकालांशी हे ताडून बघा. इतर ठिकाणी कोर्ट कागदावरच्या नावाच्या मागे जाऊन बघतं. महाराष्ट्रात राहत्या घरासाठी लेखी लायसन्स असेल तर ‘हे नावाला लायसन्स आहे, खरं तर मी भाडेकरू आहे’ असं म्हणायला कायद्याने फारच थोडी जागा ठेवली आहे. म्हणून इथे सही करतानाच शब्द बघायला हवा. नंतर त्याच्यावर वाद घालून फारसं हाती लागत नाही.

दुकान किंवा ऑफिससाठीच्या लायसन्सला कलम २४ ची ही वाट नाही. तिथे नेहमीचा दावा लावावा लागतो, मुंबईत तो लघुवाद न्यायालयात जातो, आणि तिथे १९५९ च्या त्या कसोट्या आजही सगळ्या जोराने चालतात. व्यवसायाची जागा घेणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांनीही राहत्या घराचा छापील नमुना उचलून वापरू नये. मी हे इतक्या ठिकाणी पाहतो की जरा कळकळीने सांगतोय.

अकरा महिन्यांबद्दलही बोलायला हवं. ‘अकरा महिन्यांचा केला म्हणजे लायसन्स, त्याहून जास्त केला म्हणजे लीज’ ही समजूत सर्रास आहे आणि ती साफ चुकीची आहे. अकरा महिने आले ते १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळायला लोक एक महिना कमी करायचे. मुदतीवरून दस्ताचा प्रकार ठरत नाही. अकरा महिन्यांचं लीज असू शकतं आणि पाच वर्षांचं लायसन्सही. शिवाय महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लायसन्सचा कोणताही करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं असल्याचं मालकाने सिद्ध करेपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे इथे अकरा महिन्यांत काहीच वाचत नाही, फक्त दरवर्षी नव्याने खर्च होतो. चोवीस, तेहतीस किंवा छत्तीस महिन्यांचा एकच करार केलेला दोघांच्याही सोयीचा.

पैशाचा फरकही बघा, कारण मुद्रांक शुल्काला हे दोन शब्द अजिबात एक वाटत नाहीत. समजा दरमहा २५ हजार, अनामत एक लाख, मुदत चोवीस महिने. लायसन्स असेल तर एकूण फी सहा लाख, त्यात अनामतीवर दहा टक्क्यांनी दोन वर्षांचं धरलेलं व्याज वीस हजार, एकूण ६ लाख २० हजार. त्यावर पाव टक्का म्हणजे १५५० रुपये. त्याच फ्लॅटचं त्याच मुदतीचं लीज केलं, तर पाच वर्षांपर्यंतच्या लीजसाठी बाजारमूल्याच्या दहा टक्के रकमेवर विक्रीच्या दराने शुल्क लागतं. बाजारमूल्य साठ लाख धरलं तर सहा लाखांवर, दर पाच टक्के धरला तरी तीस हजार. मुदत वाढत गेली की ही टक्केवारीही चढत जाते. म्हणूनच महाराष्ट्रात राहत्या फ्लॅटचं अल्पमुदतीचं लीज सहसा कोणी करत नाही. आणि लायसन्सचा हा हलका दर साठ महिन्यांपर्यंतच आहे. त्यापुढे गेलात की नाव लायसन्स ठेवलं तरी शुल्क लीजचं.

मग खरं लीज आपल्याला भेटतं कुठे? नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर घर ‘विकत’ घेतलंत तर तिथे. सिडकोने भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत, एमआयडीसीचे भूखंड पंचाण्णव वर्षांच्या. तिथली जमीन सहसा मालकीची नसते, पण भाडेपट्ट्याचा हक्क इतका भक्कम असतो की तो विकता येतो, गहाण ठेवता येतो, वारसाला मिळतो, बँक त्यावर कर्ज देते. एमआयडीसीच्या प्लॉटवर कारखाना चालवणारा लेसी आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चोवीस महिने राहणारा लायसेन्सी, दोघेही दुसऱ्याच्या मालमत्तेत पैसे देऊन आहेत. पण एकाच्या हातात मालमत्ता आहे आणि दुसऱ्याच्या हातात परवानगी.

परदेशात जाणाऱ्यांनी उलट बाजूने सावध राहावं. अमेरिकेत अपार्टमेंटसाठी सही करता ते खरोखर लीज असतं. त्यामुळे तुम्ही तिथे ‘टेनंट’ असता, तिथला भाडेकरूंचा कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो, पण मुदतीची बांधिलकीही तितकीच घट्ट असते. इथल्या सवयीने ‘एक महिन्याची नोटीस देऊन निघू’ असं गृहीत धरणाऱ्यांना उरलेल्या महिन्यांच्या भाड्याची मागणी येते. मुदतीआधी सोडायची अट करारात काय आहे, ते सहीआधी वाचा.

आता मूळ प्रश्नाकडे. एचआरला ‘लीज अ‍ॅग्रीमेंट’ म्हणून तुमचा नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स द्या. घरभाडे भत्त्यासाठी तो चालतो, कारण आयकराची ही सवलत राहत्या जागेसाठी प्रत्यक्ष दिलेल्या भाड्यावर आहे, मग त्या भाड्याला नाव काहीही असो. या सवलतीसाठी लीज-लायसन्सच्या फरकाला अर्थ नाही. बोलतानाही ‘भाड्याने राहतो’ म्हणायला काही हरकत नाही. जिथे तुम्हाला स्वतः दस्ताचा प्रकार लिहून द्यायचा आहे, उदाहरणार्थ व्हिसाच्या अर्जात, प्रतिज्ञापत्रात किंवा मालकाला पाठवायच्या नोटिशीत, तिथे मात्र दस्तावर आहे तेच लिहा: लीव्ह अँड लायसन्स. आणि स्वतःला ‘टेनंट’ म्हणू नका.

तुमचा करार लायसन्स आहे म्हणजे तुम्ही असहाय आहात असं मुळीच नाही. फक्त कायद्याने जे आपोआप मिळत नाही ते करारात मागून घ्यावं लागतं, आणि ते मागणारे लोक मला फार कमी भेटतात. नूतनीकरणाच्या वेळी तीन गोष्टी लेखी घ्या. मालकाने मुदतीत घर विकलं तर खरेदीदाराकडून हा करार पुढे चालू ठेवून घेण्याची जबाबदारी मालकाची, नाहीतर किमान दोन महिन्यांची नोटीस आणि ठरलेली भरपाई. अनामत किल्ली परत देण्याच्या दिवशीच, एका हाताने किल्ली आणि दुसऱ्या हाताने रक्कम. आणि लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडायचा नाही ही अट, ठेवायचा असेल तर तो दोघांना सारखा लागू. मालक कधीही नोटीस देऊ शकतो पण तुम्ही सहा महिने हलायचं नाही, असा एकतर्फी नको. चांगला मालक या तिन्ही अटींना सहसा नाही म्हणत नाही. आणि म्हणालाच, तर काय ते सहीच्या आधी कळलेलं बरं.